नॉर्मल डोळ्याची तक्रार

निघोजे,
१० नोव्हेंबर

प्रिय प्राजू,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच्या स्क्रीनवर चार ओळी वाचल्या की डोळ्यांत मिरचीचा हात गेल्यासारखी आग होते, आणि बोलायला फोन लावावा तर आमचे सासरे तात्या टीव्हीचा आवाज बारीक करून कान टवकारतात. कागद त्यापेक्षा गरीब. निदान तो उजेड तरी मारत नाही. हे रोज सकाळी कंपनीची बस घेऊन तुमच्या संत तुकाराम नगरच्या स्टॉपवर माणसं उचलायला येतात, त्यांच्याच हाती पाठवतेय. उत्तर त्यांच्याकडेच दे. ते उघडून वाचणार नाहीत. माझ्या डोळ्यांचं पुराण त्यांना ऐकूनच पाठ झालंय.

काल सहावा डॉक्टर झाला. त्याने बॅटरी मारली, हनुवटी टेकवायला लावली, वर बघा, खाली बघा केलं आणि म्हणाला, "ताई, डोळा एकदम नॉर्मल आहे. चष्म्याशिवाय शेवटची ओळ वाचताय. असे डोळे मिळायला नशीब लागतं." मी म्हटलं, "घेता का बदलून?" तर हेच माझ्यावर वैतागले. बाहेर आल्यावर म्हणतात, "डाक्टरशी असं बोलत्यात व्हय? त्यो काय दुश्मन हाय आपला?"

चष्मा घालवायला मी डोळ्यांचं लेझर केलं ते तुला आठवत असेल. सेफ्टी गॉगलच्या आत चष्मा घातला की वाफ धरते, वाफ धरली की ब्रेकच्या पिस्टनवरचा ओरखडा नजरेतून सुटतो, आणि सुटलेला पिस्टन गिऱ्हाइकाकडून परत आला की इन्स्पेक्शनवालीचं नाव निघतं. म्हणून आमच्या लाइनच्या चौघींनी भिशी लावावी तसं एकीमागून एकीनं चष्मे घालवले. बाकी तिघी मजेत आहेत, काळे गॉगल लावून रील काढतात. माझ्याच डोळ्यांत दोन वर्षं झाली, वारा लागला, पंखा लागला, ट्यूबलाइट लागली की जाळ होतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरलाही बोल लावता येत नाही. तो बिचारा परत परत तपासतो आणि म्हणतो, जखम भरली, पडदा स्वच्छ आहे. तिघी बऱ्या आहेत म्हणून मी खोटी ठरते. तात्या तर सरळ म्हणतात, "कामाचा कटाळा आलाय तिला. डोळं कुटं असं दुखत्यात व्हय कुनाचं?"

आता मुद्द्याचं. मॅग्निफायरच्या गोल दिव्याखाली मला यापुढे बसवत नाही. पॅकिंगला बदली मागितली, तर कंपनीचा डॉक्टर म्हणतो, "काहीतरी दाखवा. रिपोर्ट नॉर्मल असताना बदली कशी देऊ?" मार्चअखेर नवीन लाइन चालू होतेय. तेव्हा टेबलावर बसा नाहीतर राजीनामा द्या, असं सुपरवायझरने गोड बोलून सांगितलंय. नऊ वर्षं घासून मी परमनंट झालेय, प्राजू. या पट्ट्यात परमनंट होणं म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको.

हे म्हणत होते की तुमच्या दवाखान्यात डोळ्यातल्या नसा दिसणारं मशीन आलंय आणि ते तूच चालवतेस. माझा एक फोटो काढ. मला बाकी काही नको. दुखतंय ते कुणालातरी दिसू दे.

तुझी,
अनिताताई


पिंपरी,
१४ नोव्हेंबर

अनिताताई,

दाजींनी स्टॉपवर माझ्या हातात पाकीट दिलं तेव्हा अख्खी बस खिडकीतून बघत होती. आता बिल्डिंगमध्ये माझ्या लग्नाच्या वावड्या उठतील, त्याची भरपाई तुझ्याकडून घेईन.

मशीन आहे, आणि मीच चालवते. नेहमीच्या तपासणीत डॉक्टर बुबुळावरचा काचेसारखा पडदा बघतात. तो स्वच्छ आहे की नाही एवढं त्यात कळतं. त्या पडद्यात केसाहूनही कितीतरी बारीक नसा पसरलेल्या असतात, त्या तिथे अशा दिसत नाहीत. या मशीनमध्ये दिसतात. सुई नाही, कापाकापी नाही. भूल देणारा थेंब टाकायचा, जेल लावायचं आणि एक छोटी टोपी बुबुळाला अलगद टेकवायची. स्क्रीनवर काळ्या कापडावर शेवया वाळत घातल्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटतात. वरचा थर घेतला तर पेशीसुद्धा एकेक वेगळी दिसते. जिवंत माणसाच्या डोळ्यात, तो समोर बसून श्वास घेत असताना! पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मी डबा खायचा विसरले होते.

लेझरमध्ये या नसा कापल्या जातातच. बहुतेकांच्या परत नीट वाढतात. एखादीच्या वेड्यावाकड्या वाढतात, टोकाला गाठी धरतात, आणि मग साधा वाराही त्यांना विस्तव वाटतो. म्हणजे तू म्हणतेस ते अगदी शक्य आहे. आजवर हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

आता वाईट भाग. मशीन आमच्या मालकीचं नाही. आमच्या भाग्यश्री मॅडमनी ते एका अभ्यासासाठी मागून आणलंय, आणि अभ्यास आहे मधुमेहाचा. साखरेने नसा झिजतात, ती झीज डोळ्यात आधी कळते का ते बघायचंय. मशीनवर दोनच प्रकारची माणसं बसू शकतात. एक मधुमेही, आणि दुसरा त्याच्याच घरातला, त्याच चुलीवरचं खाणारा निरोगी माणूस, तुलनेसाठी. तू दोन्हीत बसत नाहीस. मी मॅडमकडे तुझ्यासाठी वेगळी परवानगी मागते. त्यांना ती अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीकडून आणावी लागेल, आणि समिती म्हणजे समितीच.

तोवर तात्यांना पाठव. त्यांची साखर जुनी आहे ना? त्यांच्या डोळ्यांची तपासणी तरी होऊन जाईल.

तुझी,
प्राजू


निघोजे,
१८ नोव्हेंबर

प्राजू,

"तू म्हणतेस ते अगदी शक्य आहे" ही ओळ मी डोळे जळेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचली. मग पुढचं वाचलं आणि कागद चुरगाळला. मग परत सरळ केला, कारण ती ओळ त्याच कागदावर होती.

मधुमेह पाहिजे म्हणे! आधी सांगितलं असतंस तर लग्नापासून रोज पेढे खाल्ले असते. ज्याला काही होत नाही त्याला तुमच्याकडे खुर्ची, आणि जिचा जीव जळतोय तिच्यासाठी समिती.

तात्यांना विचारलं. म्हणाले, "मला काय झालंय? आवंदा चुना उडाला डोळ्यात, पानी मारलं आन गेलो बाजाराला. ह्या डोळ्याला कायबी लागत न्हाई." हेच ते दर आठवड्याला मला ऐकवतात. शेवटी दवाखान्यात नाश्ता देतात असं मी ठोकून दिलं, तेव्हा तयार झाले. तेवढी इडलीची सोय कर.

आता नीट ऐक. तात्यांबरोबर घरातला निरोगी माणूस लागतो ना? मी बसते. निरोगी म्हणून सही करते. यात खोटं काय आहे? सहा डॉक्टरांनी मला तसं लिहून दिलंय, सगळे कागद पिशवीत आहेत. दोन वर्षं सगळ्या जगाने मला निरोगी म्हणून छळलं, तर एक दिवस त्याचा मला उपयोग होऊ दे. तू फोटो काढ, माझ्या हातात दे, मी तो कंपनीच्या डॉक्टरच्या टेबलावर आपटते. विषय संपला.

नाही म्हणू नकोस.

अनिताताई


पिंपरी,
२५ नोव्हेंबर

ताई,

नाही.

रागाव, शिव्या दे, पण आधी पुढचं वाच. सही करताना डोळ्याचं ऑपरेशन झालंय का असं विचारतात, तिथेच तुला खोटं लिहावं लागेल. ते एक वेळ बाजूला ठेवू. मी काही हरिश्चंद्र नाही, रजेसाठी आजवर किती नातेवाइकांना आजारी पाडलंय ते तुला माहीत आहे.

खरी गोष्ट वेगळी आहे. निरोगी माणसांच्या फोटोंचा आम्ही एक ढीग करतोय. उद्या डोळ्याचा कुठलाही फोटो त्या ढिगाशी ताडून बघणार. समज, उद्या मावळातून एखादी बाई आली, तुझ्यासारखीच आग घेऊन. तिच्या नसांना गाठी दिसल्या. डॉक्टर ढिगात बघेल, तिथे तुझा फोटो असेल, गाठींसकट, वर "निरोगी" असं लिहिलेलं. तो म्हणेल, असं तर धडधाकट माणसांतही असतं की. बाई, तुमचा डोळा नॉर्मल आहे. म्हणजे जे वाक्य ऐकून ऐकून तुझा जीव गेलाय, ते वाक्य दुसऱ्या कुणाला ऐकवायची सोय आपणच करून ठेवायची. माझा हात नाही धजत, ताई.

तात्यांबरोबर दाजींना पाठव. दोघांची तारीख ठरवली आहे, दाजींना तोंडी सांगितलीय. तुझ्यासाठी मॅडमनी समितीला लिहिलंय. खरंच लिहिलंय, मी समोर उभी होते.

प्राजू


निघोजे,
२१ डिसेंबर

प्राजक्ता,

तुझ्या त्या मावळातल्या बाईला माझा नमस्कार सांग. ती जन्माला आलीय की नाही ते ठाऊक नाही, पण तिची तुला फार काळजी. सख्ख्या आत्याची मुलगी डोळ्यावर ओला रुमाल ठेवून शिफ्ट काढते, तिचं काय, तिला थांबता येतं. महिनाभर लिहिलं नाही, कारण तेव्हा जे लिहिलं असतं ते तुझ्याच्यानं वाचवलं नसतं.

तात्या आणि हे तुझ्याकडून जाऊन आले. तू तात्यांना नक्की काय सांगितलंस ग? अंगणात पाय ठेवल्यापासून सांगत सुटलेत. शेजारचे उद्धवराव चहाला आले तर त्यांना बसूही दिलं नाही. "पिंपरीच्या मशीनीत बगितलं माझ्या डोळ्यात. बाईनं सोता सांगितलं, तुमच्या डोळ्यात नसा जवळजवळ ऱ्हायल्याच न्हाईत. म्हनून मला कायबी दुखत न्हाई. नसच न्हाई तर दुखनं कुटलं?" उद्धवरावांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघून म्हणतात, "डोळा असा पायजे." त्यांना वाटतंय की तू त्यांना बक्षीस दिलंस. आता पारावर, दुकानात, दूध घालायला जाताना, सगळीकडे हेच. आणि घरी मी पंखा बंद करायला उठले की ते परत लावतात आणि म्हणतात, सवय कर.

यांचे फोटो चांगले आले म्हणे, सरळ सरळ रेघा. दुसऱ्या दिवशी बूट घालता घालता एवढंच म्हणाले, "प्राजक्तानं दावल्या मला नसा. लई बारीक असत्यात गं." मी त्यांच्या हातात डबा दिला. मला आता कुणाला काही पटवून द्यायचा कंटाळा आलाय.

समितीचं काही कळलं तर कळव. नाही कळलं तरी चालेल, सवय आहे.

अनिता


पिंपरी,
८ जानेवारी

ताई,

तू पत्राखाली नुसतं "अनिता" लिहिलंस ते लागलं मला. लागावं म्हणूनच लिहिलंस, हेही कळलं.

तात्यांचं ऐकून मी कपाळावर हात मारला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, नसा झिजल्यात, म्हणजे डोळ्याला राखण राहिली नाही. काही गेलं, खुपलं, तरी कळणार नाही, म्हणून जास्त जपा. ते मान डोलावत इडली खात होते. मला वाटलं, कळलं. चूक माझी, त्यांना वाईट बातमी अशा आवाजात सांगितली की ती चांगली वाटली. त्यांचे डोळे रोज दिवसाउजेडी कुणीतरी बघायला हवेत. दाजींना वेळ नसतो. तूच बघ. ओरखडा शोधण्यात तुझ्याशी कोण पैज लावणार?

समितीची बैठक दोनदा पुढे गेली. एकदा एका सभासदाच्या घरी लग्न होतं, एकदा सगळे जमले तर फाइल जमली नाही. मग त्यांनी विचारलं की मधुमेहाच्या अभ्यासातल्या मशीनवर या बाईला बसवून अभ्यासाचा फायदा काय. मॅडम म्हणाल्या, अभ्यासाचा काही नाही, बाईचा आहे. यावर पुन्हा लेखी खुलासा मागितलाय. मार्चअखेर मशीन परत जाणार. मी रोज त्याची टोपी बदलते, काच पुसते, आणि रोज मनातल्या मनात सगळ्या समितीला खुर्चीत बसवून त्यांच्या डोळ्यांत पंखा सोडते.

मी विसरलेली नाही. एवढंच सांगायला लिहिलं.

तुझीच,
प्राजू


निघोजे,
१६ मार्च

प्राजू,

तात्यांच्या डोळ्याचं काय झालं ते यांनी तुला स्टॉपवर अर्धवट सांगितलं असेल. पुरतं माझ्याकडून ऐक.

गव्हाची मळणी होती. तात्या नेहमीप्रमाणे मशीनच्या तोंडाशी उभे, डोळ्यावर काही नाही, सगळा भुसा अंगावर. त्यांच्या डोळ्याला काही लागत नाही हे गावाला माहीत आहे! चौथ्या दिवशी मी भाकरी वाढायला वाकले, तर डावा डोळा लाल, आणि बुबुळाच्या कडेला काहीतरी पांढुरकं. म्हटलं, "तात्या, डोळ्यात गेलंय काहीतरी." तर म्हणाले, "झोप न्हाई झाली." संध्याकाळी परत सांगितलं. म्हणाले, "मला दुखंना न तुला दिसतंय व्हय?" यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तुला आता समद्यांचंच डोळं आजारी दिसाया लागलं." त्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. मी ताट खाली आपटलं, यांच्या हातातून मोबाइल ओढला, त्याची बॅटरी लावली आणि तात्यांची हनुवटी धरून त्यांच्या डोळ्यात उजेड पाडला. त्या उजेडाने माझ्याच डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण मी हात सोडला नाही. कुसळ होतं, प्राजू. आत रुतलेलं, आणि भोवती सायीसारखा डाग.

चाकणच्या डॉक्टरांनी ते काढलं. म्हणाले, बुरशी धरलीय, आणखी उशीर झाला असता तर डोळा हाती लागला नसता. आता तासातासाला थेंब आहेत. डाग राहील, थोडी नजरही जाईल, पण डोळा वाचेल असं वाटतंय. डॉक्टरांनी तात्यांना विचारलं, "इतकं होईपर्यंत दुखलं नाही?" तात्यांनी नाही म्हटलं, पण ते नेहमीचं नाही नव्हतं.

येताना यांनी उद्धवरावांची जीप आणली होती. मी मागे, तात्या पुढे पट्टी बांधून. चाकणच्या चौकातून बाहेर पडल्यावर तात्या यांना म्हणाले, "काचा वर घे. तिला वारा लागतूय." हे माझ्याकडे आरशातून बघत राहिले, मागच्या ट्रकने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले. मी पदर तोंडाला लावून बसले, म्हणजे रडतेय ते कुणाला कळायला नको.

पण प्राजू, घरच्यांनी मानलं म्हणून कंपनी मानत नाही. सुपरवायझरने काल परत विचारलं, काय ठरवलंत. अर्धा मार्च सरला.

अनिताताई


पिंपरी,
२५ मार्च

अनिताताई,

परवानगी आली तेव्हा मशीनचं खोकं माळ्यावरून खाली काढलेलं होतं. मॅडमनी समितीला फोनवर काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. तू कालच येऊन गेलीस, तरी हे पत्र फोटोंबरोबर पाठवतेय, कारण काल तू काहीच ऐकण्याच्या स्थितीत नव्हतीस आणि मीही सांगण्याच्या नव्हते.

भुलेचा थेंब टाकल्यावर तू एकदम म्हणालीस, "थांबली." मी विचारलं, काय? म्हणालीस, "आग." आणि मग हसायला लागलीस, डोळे उघडे टाकून, पंख्याकडे बघून. मी इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांत तो थेंब टाकते, पण असं कुणी हसलेलं बघितलं नव्हतं. नंतर तू बाटली मागितलीस. मी नाही म्हटलं, आणि तू माझ्याकडे जसं बघितलंस ते मी विसरणार नाही. ताई, तो थेंब रोज टाकला तर पडदा विरघळत जातो, तात्यांपेक्षा वाईट गत होते. मला तो देता आला असता तर मी पिंप भरून दिला असता. पण त्याने आग थांबली, याचा अर्थ आग डोळ्याच्या पडद्यातच आहे, डोक्यातून आलेली नाही, आणि हे मॅडमनी रिपोर्टमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलंय.

आता फोटो. सुरुवातीचे बरेच वाया गेले, तू हलत होतीस. पुढचे स्वच्छ आले. पाकिटात दोन आहेत. एकावर रेघा सरळ, एकमेकींना धरून चाललेल्या आहेत. तो दाजींचा. त्यांनी स्वतःहून सही करून तुला द्यायला सांगितला. दुसरा तुझा. रेघा विरळ, मध्येच तुटलेल्या, आणि टोकांना गोळे. तात्यांनीही आपला फोटो मागून नेलाय, कशाला ते मला सांगितलं नाही.

औषध म्हणून तुझ्याच रक्तापासून थेंब करून देतात, ते सुरू करू. बाजूने बंद असलेला चष्मा घाल. हो, चष्मा! गुण येईल, पण हळूहळू, आणि पूर्ण येईल असं वचन मी देणार नाही. आणखी एक सांगून ठेवते. फोटोत नसा दिसतात, दुखणं किती ते दिसत नाही. कंपनीचा डॉक्टर नेमकं तिथेच बोट ठेवेल अशी मला भीती वाटतेय.

मशीन गेलं. खोली रिकामी झालीय.

प्राजू


निघोजे,
३० मार्च

प्रिय प्राजू,

उद्यापासून मी पॅकिंगला. सहा महिन्यांपुरती, मग पुन्हा बघू म्हणालेत. पुन्हा भांडावं लागेल, पण आता उद्या तरी मी त्या गोल दिव्याखाली नाही.

तू म्हणालीस तेच झालं. तात्या हट्टाने बरोबर आले, फेटा बांधून, हिरवी पट्टी लावून. कंपनीच्या गेटवर त्यांना पास देईनात, तर तिथेच बसकण मारली. शेवटी मीच वॉचमनच्या हातापाया पडले. कंपनीच्या डॉक्टरने दोन्ही फोटो उलटेसुलटे करून बघितले. रिपोर्ट वाचला. मला वाटलं, आता झालं. तर म्हणाला, "ठीक आहे, नसा खराब दिसतायत. पण यात दुखतं किती ते कुठे आहे? आमच्या फॉर्मवर तसा रकाना नाही."

इतक्या महिन्यांची धडपड, आणि रकाना नाही!

तेवढ्यात तात्यांनी खिशातून घडी काढली आणि आपला फोटो टेबलावर ठेवला. जवळजवळ नुसता काळा. म्हणाले, "सायेब, ह्यो माझा. ह्या डोळ्यात कुसळ रुतलं, डोळा नासाया लागला, तरी मला पत्त्या न्हाई. मी आपला गावभर सांगत फिरतूय, माझा डोळा लई ब्येस. दुखनं फोटूत कसं दिसंल? जिला दुखतंय ती हितं बसलीया. तिला इचारा की."

डॉक्टर चिडला. "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा," म्हणाला. तात्या काही उठले नाहीत. मग डॉक्टरने फोटो बाजूला सारले, पेन उघडलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "सांगा. कसं दुखतं?"

प्राजू, दोन वर्षं झाली. सहा डॉक्टर, ही कंपनी, हे, तात्या, सगळ्यांनी माझे डोळे बघितले. तू सुद्धा, माझी बाई, नसांपर्यंत जाऊन बघितलंस. पण हा प्रश्न मला कुणी म्हणून विचारला नव्हता. उत्तर तर रोज तयार असायचं, स्वयंपाक करताना मी ते भिंतीला ऐकवायची. आणि आता विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना.

तात्या हळूच म्हणाले, "सांग की गं पोरी. ऐकत्यात त्ये."

मग सांगितलं. सगळं सांगितलं, सकाळी डोळे उघडतात तिथपासून. डॉक्टर लिहून घेत होता, आणि मध्ये एकदाही बोलला नाही.

तुझी,
अनिताताई